कुंडलिनी-योगाची ओळख : ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आणि गृहस्थ साधक

श्रीमद्भगवद्गीतेच्या सातशे श्लोकांत 'कुंडलिनी' हा शब्द एकदाही आलेला नाही. असे असूनही मराठी घरांत ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाचे नाव निघाले की कुंडलिनीचे स्मरण झाल्यावाचून राहात नाही. त्या अध्यायातील अकराव्यापासून पंधराव्यापर्यंतच्या पाच श्लोकांत भगवंतांनी ध्यानाची जागा, आसन, शरीराची स्थिरता, नासिकाग्री दृष्टी आणि मनाचा संयम एवढेच सांगितले आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी मात्र याच पाच श्लोकांचे निमित्त करून शंभराहून अधिक ओव्यांत योगमार्गाचे संपूर्ण वर्णन केले, आणि त्या मार्गाला 'पंथराज' असे नाव दिले. गीतेच्या मूळ शब्दांत जे बीजरूपाने होते त्याचा विस्तार त्यांनी आपल्या गुरुपरंपरेच्या आधारे केला.

या विस्ताराचे काय करावे, असा प्रश्न गृहस्थ वाचकाला पडतो. जबलपूरजवळील खमरिया हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे दारूगोळ्याचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि कामानिमित्त निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे वसाहतीत येऊन राहिली; त्यांत मराठी कुटुंबेही होती. अशा एखाद्या घरात सकाळच्या भोंग्यापूर्वी स्नान उरकून ज्ञानेश्वरीच्या चार ओव्या वाचणारा सद्गृहस्थ सहाव्या अध्यायाशी येऊन पोहोचला म्हणजे काय होते? कोणी तो भाग न समजताच पुढे जातो, कारण पारायण पुरे व्हावयाचे असते. कोणी त्याला केवळ काव्यालंकार समजतो. आणि एखादा उत्साही मनुष्य पहाटे दार लावून, पुस्तक समोर उघडे ठेवून, श्वास कोंडून बसतो; आठ-पंधरा दिवसांत डोके जड होते, झोप उडते, आणि मग तो योगालाच दोष देतो. तिघांचीही ज्ञानेश्वरांशी खरी भेट झालेली नसते.

प्रथम हे वर्णन कोणाचे व केव्हाचे, ते पाहिले पाहिजे. ज्ञानेश्वरी नेवासे येथे शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये पूर्ण झाली. हठयोगाचा सर्वपरिचित ग्रंथ 'हठयोगप्रदीपिका' हा पंधराव्या शतकातील. चक्रांच्या वर्णनासाठी ज्याचा आधार नेहमी घेतला जातो तो पूर्णानंदांचा 'षट्चक्रनिरूपण' हा ग्रंथ इ. स. १५७७ मधील, आणि त्याचे सर जॉन वुड्रॉफ यांनी केलेले इंग्रजी भाषांतर, ज्यामुळे कुंडलिनीची चर्चा जगभर सुरू झाली, ते १९१९ मधील. ज्ञानेश्वरीतील वर्णन या तिन्हींहून जुने आहे, आणि ते देशी भाषेत आहे. योगविद्येतील नाथपंथाचे रहस्य तोवर गुरूने शिष्याला एकांतात सांगावयाचे असे. आदिनाथांपासून मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ आणि निवृत्तिनाथ या क्रमाने ते आपल्यापर्यंत कसे आले हे ज्ञानेश्वरांनी अठराव्या अध्यायाच्या शेवटी सांगितले आहे. ते रहस्य त्यांनी नेवाशाच्या श्रोतृसभेत, घरादाराच्या माणसांपुढे, मराठीत उघड केले.

येथे एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. मराठी भाषेच्या गोडीविषयी ज्ञानेश्वरांनी केलेली प्रतिज्ञा, जी शाळेतील मुलापासून सभेतील वक्त्यापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे, ती याच सहाव्या अध्यायाच्या आरंभी आहे. म्हणजे भाषेविषयीची ती प्रतिज्ञा एखादा सोपा, रसाळ प्रसंग रंगविण्यासाठी केलेली नाही. जो विषय संस्कृतातही सांकेतिक शब्दांनी झाकून ठेवला जात असे, तो आता आपण मराठीत सांगणार आहोत, हे ठाऊक असताना केलेली ती प्रतिज्ञा आहे. हे लक्षात आल्यावर सहावा अध्याय न समजताच पुढे जाणे कोणाही मराठी वाचकाला शोभणार नाही.

आता मूळ विषय. योगशास्त्राची मांडणी थोडक्यात अशी : जी शक्ती विश्वात आहे तीच देहात आहे. पाठीच्या कण्याच्या तळाशी, मूलाधारस्थानी, ती साडेतीन वेढे घालून, मुख खाली करून निजलेली असते. वेटोळे म्हणजे कुंडल, म्हणून ती कुंडलिनी. डावीकडे इडा, उजवीकडे पिंगळा आणि मध्ये सुषुम्ना अशा तीन मुख्य नाड्या आहेत. सामान्य माणसाचा प्राण इडा-पिंगळांतून वाहतो. सुषुम्नेचे द्वार मिटलेले असते. तिच्या मार्गावर मूलाधार, स्वाधिष्ठान, मणिपूर, अनाहत, विशुद्ध आणि आज्ञा ही सहा चक्रे. त्यांच्या पाकळ्या अनुक्रमे चार, सहा, दहा, बारा, सोळा आणि दोन, एकूण पन्नास, म्हणजे वर्णमालेतील अक्षरांइतक्या मानिल्या आहेत. त्यांच्यावर मस्तकात सहस्रार. वाटेत ब्रह्मग्रंथी, विष्णुग्रंथी आणि रुद्रग्रंथी अशा तीन गाठी आहेत. शक्ती जागी होऊन या मार्गाने चढते व सहस्रारात शिवाशी एकरूप होते, हाच या योगाचा शेवट. ही चक्रे शरीर चिरून दिसणारे अवयव नव्हेत. शवविच्छेदनात ती सापडत नाहीत म्हणून शास्त्र खोटे ठरत नाही, आणि अमुक चक्र म्हणजे अमुक ग्रंथी असे आधुनिक वैद्यकाशी ओढूनताणून जुळविल्याने ते अधिक खरेही होत नाही. ध्यानाच्या अनुभवाला दिलेली ही स्थाने आहेत.

ज्ञानेश्वर पाकळ्यांची कोष्टके देत बसत नाहीत. त्यांचा आरंभ जागेपासून होतो. ध्यानाची जागा अशी असावी की तेथे सहज बसलेल्या माणसाला उठावेसेच वाटू नये. एखादा नास्तिक चुकून तेथे आला तरी त्याच्याही मनात तप करावे असे यावे. दाट झाडी, जवळ निर्मळ पाणी, सौम्य ऊन, क्वचित एखाद्या पक्ष्याचा शब्द. अशा ठिकाणी एखादा मठ किंवा शिवालय. मग आसन : खाली कोवळे दर्भ, वर मृगाजिन आणि धुतलेल्या वस्त्राची घडी. ते फार उंच असेल तर शरीर डोलेल, फार खाली असेल तर भूमीचे दोष लागतील. हे सारे गीतेच्या अकराव्या श्लोकाचेच विवरण आहे. परंतु त्यानंतर, कोणतीही क्रिया सांगण्यापूर्वी, ज्ञानेश्वर साधकाला मन एकाग्र करून सद्गुरूचे स्मरण करावयास लावतात. श्लोकात हा शब्द नाही. तो नाथपरंपरेचा आहे, आणि तो योग्य ठिकाणी घातला आहे.

यापुढे तीन बंध येतात, आणि कुंडलिनी-योगाच्या मुख्य साधना याच होत. पहिला मूलबंध. गुद व जननेंद्रिय यांच्यामध्ये चार अंगुळे जागा असते. दोन्हीकडची दीड-दीड अंगुळे सोडून मधल्या एका अंगुळावर टाचेने दाब द्यावयाचा आणि शरीर त्यावर तोलून धरावयाचे. यालाच ज्ञानेश्वर वज्रासन असेही दुसरे नाव देतात. (आज व्यायामशाळेत ज्याला वज्रासन म्हणतात ते दोन्ही पाय मागे दुमडून बसण्याचे आसन याहून निराळे आहे, नावाच्या साम्याने घोटाळा होऊ नये.) यामुळे खाली जाणारा अपानवायू अडतो व मागे फिरतो. दुसरा जालंधरबंध : कंठ आकसून हनुवटी गळ्याखालच्या खळगीत बसवावयाची, म्हणजे वरचा प्राण कोंडला जातो. तिसरा उड्डियान, ज्याला ज्ञानेश्वर वोढियाणा म्हणतात : पोट आत खेचले जाऊन पाठीकडे लागते आणि नाभीच्या खालच्या बाजूस, स्वाधिष्ठानाच्या वर, बंध पडतो. या वेळी दृष्टी अर्धोन्मीलित होऊन नाकाच्या शेंड्यापाशी स्थिरावलेली असते. असे तिन्ही बाजूंनी कोंडलेले वायू परस्परांशी मिळतात आणि त्यांच्या उष्णतेने शक्ती जागी होते.

जागी होणाऱ्या शक्तीचे वर्णन करताना ज्ञानेश्वरांच्या वाणीला बहर येतो. कुंकवाने न्हालेले नागाचे पिल्लू वेटोळे घालून निजलेले असावे तशी ती आहे. विजेचे कडे, ज्वाळांची घडी, शुद्ध सोन्याची घोटून झळाळी आणलेली पट्टी, अशा उपमा एकामागून एक येतात. जागी झालेली ही नागीण भुकेलेली असते. देहातील पृथ्वी आणि जल या तत्त्वांचा ती घास घेते, आणि तृप्त झाली म्हणजे शांत होऊन सुषुम्नेत राहते. इडा-पिंगळा एक होतात, गाठी सुटतात, चक्रांच्या कळ्या उमलतात, वरून चंद्रामृताचे तळे कलते, आणि जुन्या शरीराच्या ठिकाणी जणू नवे शरीर येते. पुढे हृदयात अनाहत नाद उमटतो. आणि शेवटी जिला जगदंबा म्हणून गौरविले ती कुंडलिनी आपले नाव व रूप टाकून केवळ वायुरूप होते. पृथ्वी जलात, जल तेजात, तेज वायूत आणि वायू आकाशात असा हा लय आहे. पिंडाने पिंड गिळावा, हा नाथपंथाचा संकेत येथे आहे, हे ज्ञानेश्वर स्वतःच सांगतात.

या वर्णनाच्या ऐन मध्यावर एक वळण आहे. अशा साधकाच्या प्रत्येक पावलामागे अणिमादी सिद्धी उभ्या राहतात असे सांगितल्याबरोबर ज्ञानेश्वरांचे श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात की, त्यांच्याशी आपल्याला काय करावयाचे आहे? आणि बोलणे पुन्हा तत्त्वांच्या लयाकडे वळते. सिद्धींची चर्चा एवढ्यावरच संपते. कुंडलिनीच्या नावाने चमत्कार, आरोग्य आणि द्रव्य यांची आश्वासने देणाऱ्या पुस्तकांची पाने आणि हा एक प्रश्न शेजारी-शेजारी ठेवून पाहावे.

आता गृहस्थाचा प्रश्न. तो ज्ञानेश्वरीत अर्जुनानेच विचारला आहे. हे सर्व ऐकून अर्जुन चकित होतो आणि म्हणतो की, योग्यता नसेल तर हा मार्ग साधेल काय? मूळ गीतेत या ठिकाणी असा प्रश्न नाही. ज्ञानेश्वरांनी तो श्रोत्यांच्या वतीने घातला आहे. उत्तराचा आशय असा की, साधे काम करावयाचे तरी अधिकार लागतो. पण योग्यता ही काही खाणीतून खणून आणण्याची वस्तू नव्हे. जो वैराग्याने थोडा स्थिर होऊन देहाचे नियम पाळतो तोच योग्य होत जातो. आणि लगेच सोळावा व सतरावा श्लोक येतात. फार खाणाऱ्याला योग नाही, मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, फार जागणाऱ्यालाही नाही. आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागरण ही ज्याची मोजकी आहेत त्याचाच योग दुःखाचा नाश करतो. कुंडलिनीच्या एवढ्या विलक्षण वर्णनानंतर भगवंत ताटातील अन्नावर आणि अंथरुणावर येतात. गृहस्थाला प्रवेश याच दाराने आहे.

खमरियासारख्या ठिकाणी राहणाऱ्याला हे समजावयास अडचण पडू नये. दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाच्या जागी काडेपेटी नेता येत नाही. तेथील कामगार दारूला भिऊन घरी बसत नाही, आणि धीटपणाने तिच्याशी खेळतही नाही. जी शक्ती निजलेली आहे तिच्याजवळ कसे वागावे हे त्याला रोजच्या शिस्तीने शिकविलेले असते, आणि ती शिस्त त्याने पुस्तकातून घेतलेली नसते. जाणत्याच्या हाताखाली राहून अंगवळणी पाडलेली असते. बंध व कुंभक यांच्याविषयी योगशास्त्राचे म्हणणे याहून निराळे नाही.

शंका अशी येईल की, ज्याला आलटून पालटून पाळ्या आहेत, ज्याला रात्रपाळीनंतर दिवसा झोपावे लागते, त्याने मोजकी निद्रा कशी पाळावी? सतराव्या श्लोकात घड्याळाचा आकडा दिलेला नाही. ज्याला जेवढे कर्म प्राप्त झाले आहे त्याच्या प्रमाणात निद्रा व जागरण असावे, असा तेथील भाव आहे. रात्रपाळीवरून आलेल्या माणसाने पहाटेच्या ध्यानाच्या हट्टाने झोप मोडली तर तो श्लोकाच्या विरुद्ध वागतो. त्याने आधी निजावे. आणि उठल्यावर, स्नानानंतर, पोट रिकामे असताना आसनावर बसावे. वेळ दररोज एकच साधत नसेल तर क्रम तरी एकच ठेवावा.

त्या क्रमात पुढील गोष्टी कोणाही निरोगी गृहस्थाला करता येतात. पाठ, मान व मस्तक सरळ राहतील असे सुखाचे आसन. घोंगडी व त्यावर धुतलेले वस्त्र पुरेसे आहे, मृगाजिनाच्या शोधात जाऊ नये, वन्य प्राण्यांचे कातडे बाळगणे आज कायद्याने निषिद्ध आहे. मग थोडा वेळ गुरूचे किंवा इष्टदेवतेचे स्मरण. मग उजव्या व डाव्या नाकपुडीने आळीपाळीने सावकाश श्वास घेणे व सोडणे, श्वास न कोंडता. हे नाडीशुद्धीचे पहिले पाऊल होय. त्यानंतर श्वासाबरोबर आपोआप चाललेल्या 'सोहम्' या अजपाजपाकडे लक्ष देणे. मिनिटाला पंधरा या मानाने अहोरात्रात एकवीस हजार सहाशे श्वास होतात असा शास्त्राचा हिशेब आहे. त्यांतील शंभर जरी लक्षपूर्वक झाले तरी तेवढ्यापुरते मन घरी आले. जेवणात पोटाचे दोन भाग अन्नाने, एक पाण्याने भरावा व चौथा वायूसाठी रिकामा ठेवावा, हा जुना दंडक आहे. तिन्ही बंध आणि कुंभक मात्र प्रत्यक्ष शिकविणाऱ्यासमोर बसूनच शिकावे. रक्तदाब, हृदयविकार, अंतर्गळ किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी, आणि गर्भवती स्त्रियांनी, ते करू नयेत. लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान व नौली या क्रियांत पोटातील दाबाचे काय होते हे उपकरणांनी मोजून त्याच वर्षी निघालेल्या 'योगमीमांसा' या त्रैमासिकात मांडले. तो दाब वातावरणाच्या दाबाहून कमी होतो असे त्यांना आढळले. म्हणजे या क्रिया काल्पनिक नाहीत. शरीरावर त्यांचा परिणाम खरोखर होतो, आणि जे औषध गुण करते तेच चुकीच्या मात्रेत अपायही करते.

ध्यानात अंग थरथरले, कानात नाद आला, मिटल्या डोळ्यांपुढे तेज दिसले, की शक्ती जागी झाली असे मानण्याचा मोह पुष्कळांना होतो. अशी लक्षणे उपवासाने, जागरणाने, दुर्बलतेनेही होतात. ती आली तर त्यांचा उत्सव करू नये, भिऊही नये. पण झोप रात्रीमागून रात्री उडाली, मन सैरभैर झाले, कामावर हात चुकू लागला, तर साधना तत्काळ थांबवून जाणत्यालाही सांगावे आणि वैद्यालाही दाखवावे. यात योगाचा अपमान नाही. गीतेची कसोटी निराळी आहे. त्याच सहाव्या अध्यायाच्या नवव्या श्लोकात मित्र, शत्रू, उदासीन, द्वेष्टा आणि आप्त यांच्याविषयी ज्याची बुद्धी सम झाली तो श्रेष्ठ म्हटला आहे. ही कसोटी आसनावर लागत नाही, ती घरात आणि कामावर लागते. रोज तासभर ध्यान करणारा मनुष्य उठताच चहाला उशीर झाला म्हणून पत्नीवर ओरडत असेल, तर त्याच्या प्रगतीचा अंदाज घरच्या माणसांना त्याच्यापेक्षा अचूक असतो.

दुसरी शंका अधिक खोल आहे. पंथराजाची एवढी थोरवी गाणाऱ्या ज्ञानेश्वरांनीच बाराव्या अध्यायात निर्गुणोपासकांच्या निमित्ताने हाच बंधांचा व कुंडलिनीचा मार्ग पुन्हा वर्णिला, आणि पाचव्या श्लोकावर बोलताना त्याचे कष्ट सांगून भक्तांची वाट सुखाची ठरविली. हरिपाठात तर योग-याग-विधींनी सिद्धी नाही असा त्यांचा स्पष्ट निर्णय आहे. मग सहावा अध्याय मागे घेतला असे समजावे काय? तसे दिसत नाही. सहाव्या अध्यायात ज्ञानेश्वर मार्ग कोठवर जातो ते दाखवितात. बाराव्यात तो कोणाला किती जड जाईल ते सांगतात. ज्या नाथयोग्याला तो मार्ग गुरुकृपेने मिळालेला होता, त्यानेच तो सर्वांवर लादला नाही. शिवाय सहाव्या अध्यायाचा शेवटचा, सत्तेचाळिसावा श्लोक सर्व योग्यांमध्ये श्रद्धेने भजणाऱ्याला वरचे स्थान देतो, तेव्हा बाराव्या अध्यायाचे सूत्र सहाव्यातच आहे. नामस्मरण करणाऱ्या गृहस्थाने आपला मार्ग कमी प्रतीचा मानून बंधांच्या मागे लागण्याचे कारण नाही. ज्याला योग्य मार्गदर्शक भेटला आणि शरीराची अनुकूलता आहे, त्याने भीतीने तो नाकारण्याचेही कारण नाही.

राहिला तो अर्जुनाचाच शेवटचा प्रश्न, जो प्रपंचात गुंतलेल्या प्रत्येकाचा असतो : आरंभ केला, श्रद्धा होती, पण आयुष्य पुरले नाही किंवा मन ढळले, तर दोन्हीकडून गेलो काय? भगवंतांनी चाळिसाव्या श्लोकापासून याचे उत्तर दिले आहे. कल्याणाकडे निघालेल्याची दुर्गती होत नाही. असा योगभ्रष्ट पुण्यलोकांत राहून शुद्ध आचाराच्या श्रीमंतांच्या घरी किंवा ज्ञानी योग्यांच्या कुळात पुन्हा जन्मतो, आणि मागील देहातील बुद्धी त्याला तेथे परत मिळते. भगवंतांनी येथे अरण्याचे किंवा गुहेचे नाव घेतलेले नाही. अर्धवट राहिलेला योग पुन्हा सुरू होतो तो कोणाच्या तरी घरात, आईबापांच्या सहवासात. विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीहून गुरूंच्या आज्ञेने आळंदीस परतले व पुन्हा गृहस्थ झाले, तेव्हा लोकांनी त्या घरावर बहिष्कार घातला. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चारही भावंडे त्याच घरात जन्मली.